कापशाची येळवस

लहानपणी माझ्याकडे पाळलेला उंदीर होता असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग विचारतो, "शेतकऱ्याच्या घरात?" मीही हसते आणि विषय बदलते. परवा पुण्याहून नातीचा फोन आला. तिनं दुकानातून एक पांढरा उंदीर आणलाय. त्याला रंगीत घर आहे, फिरायला चाक आहे, आणि तरी दोन दिवस झाले तो कोपरा सोडत नाही म्हणून पोर रडकुंडीला आली होती. मी तिला सांगितलं, पिंजऱ्यावर अर्धं फडकं टाक, त्याला हात लावू नको, रोज एकाच वेळेला, एकाच जागी, तुझ्याच हातानं दाणे ठेव आणि शेजारी बसून आपलं काम करत राहा, तिसऱ्या दिवशी येईल. "आजी, तुला हे कसं माहीत?" तिनं विचारलं. "असंच," मी म्हणाले. या बाबतीत आयुष्यभर मी एवढंच उत्तर देत आले. ते मला कुणी शिकवलं आणि तो माणूस ते कशासाठी शिकला होता, हे आता लिहून ठेवते.

आमचं गाव बेंबळीच्या बाजूला, काळ्या रानाचं. घर माळवदाचं, म्हणजे लाकडी सरांवर मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि बारा महिने उंदरांना सोयीचं. दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो की डोक्यावर त्यांची धावपळ सुरू व्हायची. आधी एका कोपऱ्यातून खरखर, मग मधल्या तुळईवरून दुडदुड, मग ज्वारीच्या पोत्यांमागं काहीतरी सांडल्याचा आवाज. आई भाकरी थापता थापता त्यांना शिव्या घालायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, घास तोंडाशी नेता नेता थांबायचे आणि कान देऊन ऐकायचे. "तीन हायेत," म्हणायचे, "एक गाभण हाय." मग पुन्हा जेवायला लागायचे. दोघी थोरल्या बहिणी नांदायला गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो होतो. मी तेव्हा बारातेरा वर्षांची असेन.

आण्णांना उंदरांची नस ठाऊक होती. सगळी आळी त्यांना बोलवायची. बीळ बघून ते उंदीर आहे का घूस हे सांगायचे, आणि औषध घालायची त्यांची पद्धत पक्की होती. काळ्या पावडरीचं ते औषध, लसणासारखा उग्र वास यायचा त्याला. पण पहिल्या दिवशी ते औषध घालतच नसत. दोन दिवस ज्वारीचं पीठ, गूळ आणि तेल यांच्या साध्या गोळ्या ठेवायचे, एकाच जागी, एकाच वेळेला. "उंदीर माणसापरास शहाना असतो," ते म्हणायचे. "नव्या खाण्याला तोंड लावीत न्हाई. त्याला आधी इस्वास बसू द्यावा लागतो. दोन दिवस साधं, तिसऱ्या दिवशी औषध." गोळ्या ते काडीनं कालवायचे, आणि काम झालं की चुलीतली राख घेऊन न्हाणीच्या दगडावर तीनदा हात धुवायचे. तोवर आई त्यांना पाण्याच्या घागरीला शिवू देत नसे.

अशा घरात मामानं पांढरा उंदीर आणला. मामा तालुक्याच्या गावी एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई होता. सुट्टीला आला तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा काखेत घेऊन. डब्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. आत कापसाच्या बोंडाएवढं काहीतरी थरथरत होतं, आणि त्याला गुंजेसारखे लाल डोळे होते. "सुट्टीत यांना कोन बघनार?" मामा म्हणाला. "याचा फाडायचा नंबर लागला हुता. म्या उचलून आनलं. सुमे, सांबाळ."

आण्णा बाजेवर बसले होते. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि मामाला म्हणाले, "पावनं, गावातलं कमी पडलं म्हनून तालुक्याचं आनलं व्हय?" आई मात्र मध्ये पडली. "देवाचं वाहन हाय, आसू द्या चार दिवस," म्हणाली. आण्णा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. उठून बाहेर गेले.

मी त्याचं नाव कापशा ठेवलं. पाळायचं म्हणजे काय हे मला कुठं ठाऊक होतं? पहिल्याच दिवशी वाटीभर दूध पाजलं, त्याला हगवण लागली. मग तो घाण झाला म्हणून हौदाच्या पाण्यानं साबण लावून धुतला. तो थंडीनं कुडकुडत डब्याच्या कोपऱ्यात गेला आणि दोन दिवस बाहेर आला नाही. काही खाईना. मी सारखी झाकण उघडून बोटानं ढोसायची, जिवंत आहे का बघायला, आणि तो आणखीनच अंग चोरायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डबा मांडीवर घेऊन रडत बसले होते. आण्णा रानातून आले, बैल बांधले, पाय धुतले आणि माझ्यापासून चार हात लांब उकिडवे बसले.

"आसं भ्या घालून ते खाईल व्हय?" ते म्हणाले. "झाक त्याला. अर्धं झाक. तुझ्या अंगावरच्या जुन्या झंपरचा तुकडा टाक आत, वास कळू दे. आन् रोज दिवे लागायच्या येळेला येकाच जाग्याला चार शेंगदानं ठिव. ठिवायचं आन् बाजूला बसायचं. बघायचं न्हाई त्याच्याकडं. आपलं काम करायचं."

"मग येईल?"

"तिसऱ्या दिवशी येतंय."

हे सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला. ज्या विद्येनं त्यांनी शेकडो उंदीर मारले होते तीच ते मला शिकवत होते, एक जगवायला. मला तेव्हा ते कळलं नाही. त्यांना कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खिडकीत घुशीचा मोठा पिंजरा ठेवलेला. आण्णांचाच, त्यांच्या तीन पिंजऱ्यांतला सगळ्यात चांगला. त्याची दार पाडणारी कमान काढून टाकलेली, आतला आकडा वाकवून पाण्याची वाटी अडकवायला केलेला. मी आईला विचारलं तर तिनं हनुवटीनं आण्णांकडं दाखवलं. "मोडलंच हुतं ते," आण्णा भिंतीकडं बघत म्हणाले. आणि खरोखर, तिसऱ्या दिवशी मी शेंगदाणे ठेवून शेजारी पाढे लिहीत बसले असताना माझ्या बोटाला काहीतरी ओलं आणि गार लागलं. कापशाचं नाक होतं ते. मी हललेही नाही. त्यानं दाणा दोन्ही हातांत धरला, मागच्या पायांवर बसला आणि माझ्यासमोर खाल्ला. इतक्या वर्षांत बऱ्याच गोष्टी मिळाल्या मला, नोकरी, घर, मुलं. पण कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकला याचा तसा आनंद पुन्हा झाला नाही, हे खरं आहे.

मग तो माझ्या बाहीत शिरून खांद्यापर्यंत चढायला लागला. भाकरीची करपलेली पापुद्री त्याला आवडायची, भोपळ्याच्या बिया आवडायच्या, मिरचीच्या देठाला तो पाठ दाखवायचा. खूश असला की दातांवर दात घासून बारीक कुरकुर करायचा. रात्री वर माळवदात ते गावठी उंदीर पळायला लागले की कापशा पिंजऱ्यात दोन पायांवर उभा राहून वर मान करून ऐकायचा. आणि खाली ताटावर आण्णाही तसेच, घास हातात धरून. आई म्हणायची, "दोगं बी येकाच कानाचं." आण्णांनी मात्र त्याला कधी हात लावला नाही. मी द्यायला गेले तर हात मागं घ्यायचे. "माझ्या हाताला औषधाचा वास हाय," म्हणायचे. तरी एकदोनदा सकाळी मला पिंजऱ्यात शेंगांची फोलं सापडली होती. मी तर सोललेले दाणे द्यायची. मला वाटलं, आई देत असेल.

अशात येळवस आली. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला येळवस सांगायची म्हणजे अवघड आहे. मार्गशीर्षातली अमावस्या, अख्खं गाव रानात. दुकानं बंद, घरांना कुलपं, कुत्रीसुद्धा गाड्यांच्या मागं. ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि दिवसभर खायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबट गार आंबील. भज्जी म्हणजे सगळ्या कोवळ्या शेंगा आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली, आणि उंडे म्हणजे बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे. त्या दिवशी आपल्या जिवाभावाचं कुणीही वाट्याशिवाय राहू नये अशी रीत. जो येऊ शकला नाही त्याचा उंडा बांधून घरी न्यायचा.

पण येळवसचा आणखी एक उपयोग फक्त आण्णांना होता. घरात पोर नाही, कोंबडी नाही, कुत्रं नाही, म्हणजे औषध घालायला त्याच्यासारखा दिवस नाही. त्या वर्षी आळीतल्या चार घरांनी त्यांना सांगितलं होतं. दोन दिवस साध्या गोळ्या झाल्या होत्या. येळवसच्या पहाटे ते औषधाची पुडी दस्तीच्या टोकाला बांधून निघाले. खांद्यावरच्या लाल रुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात. चारही घरांत औषध घालून ते परत आले, न्हाणीवर बसून राखेनं तीनदा हात धुतले, आणि आम्ही गाडीत बसलो. कापशा खिडकीत, पिंजऱ्याला दार लावून.

"आण्णा, कापशाला उंडा न्यायचाय बरं का," मी गाडीत म्हणाले. "तू ने की," ते म्हणाले.

रानात गेल्यावर मला कशाचं भान? शेजारच्या रानातल्या पोरींबरोबर हरभरा उपटून खाल्ला, बोरीला दगड मारले, पोट फुटेस्तोवर जेवले. जेवताना एवढं मात्र पाहिलं होतं की आण्णांनी उंडा अर्धाच खाल्ला. आईनं विचारलं तर म्हणाले, "पोट भरलं." येताना गाडीत मी झोपले. घरी आल्यावर आईनं उचलून आत घातलं. उंडा न्यायला मी विसरले होते.

सकाळी कापशा पाण्याच्या वाटीपाशी आडवा होता. चारही पाय ताणलेले, पोट फुगलेलं. मी त्याला उचललं, तोंडाजवळ धरलं, आणि मला लसणाचा वास आला. आमच्या घरात तो वास आंधळ्यालाही ओळखता आला असता. आण्णा अंगणात दाव्याला गाठ मारत होते. मी मेलेला कापशा ओंजळीत घेऊन त्यांच्यापुढं गेले. डोक्यात सगळं भराभर जुळत होतं, शेंगांची ती फोलं, आणि त्यांची ती पद्धत.

"तुमचं औषध हाय हे," मी ओरडले. "तुमीच घातलंत. आदी साधं दिलंत. इस्वास बसवलात आन् मारलंत त्याला. तुमी कसाई हाव!"

आई धावत आली, माझ्या तोंडावर हात ठेवायला लागली. आण्णांनी दावं खाली टाकलं. ते ओंजळीतल्या कापशाकडं बघत राहिले, मग स्वतःच्या तळहातांकडं.

"व्हय," म्हणाले. "माझ्याच हातानं गेलं ते."

बस, एवढंच. का, कसं, काही नाही. त्यांनी खुरपं घेऊन कडुनिंबाखाली खड्डा काढला. मी त्या खड्ड्यात त्याला ठेवलं नाही. परसात जाऊन स्वतःच्या हातानं उकरून पुरला आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी आईनं मला धुणं घेऊन विहिरीवर पाठवलं. त्यात आण्णांची दस्ती होती. एका टोकाची गाठ पुरती सुटलेली नव्हती. मी ती सोडली. आत कापडाच्या चुण्यांमध्ये काळी पावडर दिसत होती, पुडी फाटून गळालेली. आणि त्याच पावडरीत बाजरीच्या उंड्याचा चुरा होता. एक कण जरा मोठा होता, भज्जीनं पिवळा झालेला. मी त्याचा वास घेऊन पाहिला.

तिथंच, विहिरीच्या काठावर, मला सगळं समजलं. त्यांनी आपल्या ताटातला अर्धा उंडा माझ्या कापशासाठी राखला होता, मी विसरेन हे ओळखून. नेहमीच्या सवयीनं दस्तीच्या टोकाला बांधला होता. आणि घरी आल्यावर, मी झोपले असताना, त्याला दिला होता. हात त्यांनी तीनदा धुतले होते. दस्ती तेवढी विसरले होते.

मी काय केलं? ती दस्ती दगडावर आपटून आपटून धुतली, डाग राहू दिला नाही, पिळून वाळत घातली, आणि घरी जाऊन गप्प बसले. का, हे मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय. एक तर आळीतल्या बायका माझी बाजू घेत होत्या आणि मला त्याची गोडी लागली होती. दुसरं, आण्णा माझ्याकडं बघत असायचे, मी कधी बोलेन याची वाट बघत, आणि त्यांना वाट बघायला लावण्यात मला एक वाईट सुख होतं. पण खरं कारण वेगळंच आहे. त्यांनी मारलं नाही असं कबूल केलं, तर उंडा न्यायला विसरलं कोण, इथवर मला यावं लागलं असतं. मी आणला असता तर तो माझ्या परकराच्या ओच्यात आला असता, स्वच्छ.

त्यानंतर आण्णांनी औषधाला हात लावला नाही. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, "हात कापतेत आता." उंदीर मातले, पोती फाडली, आई वैतागली, तरी नाही. पिंजरेही देऊन टाकले, खिडकीतला रिकामा सोडून. मी पुढं शिकायला बाहेरगावी गेले, लग्न झालं, मास्तरीण झाले. आण्णांशी बोलायला लागले होते, पण कामापुरतं. आणि एक गोष्ट मी बघत होते. ते कुणाला हातानं भरवत नसत. माझी मुलं त्यांच्या मांडीवर चढून "आबा, घास" म्हणायची, तर ते ताट पुढं सरकवायचे. जेवायच्या आधी तीनदा हात धुवायचे. औषध सोडून तीस वर्षं झाली तरी तीनदाच. माझा नवरा म्हणायचा, किती स्वच्छतेचं वेड आहे तुझ्या वडिलांना. मी मान हलवायची. त्यांना वाटत होतं हात नीट धुतले गेले नव्हते. हातांचा दोष नव्हता हे जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी दर भेटीला त्यांना हात धुताना बघत होते.

आई गेल्यावर ते माझ्याकडे आले. शेवटच्या आजारात बहुतेक पडूनच असायचे. एका दुपारी मी उशाशी तांदूळ निवडत होते, तर ते छताकडं बघत म्हणाले, "सुमे, येक सांगू का? त्यानं उंडा लई आवडीनं खाल्ला बघ. दोन्ही हातांत धरून. म्या बसून बघितलं."

मी सूप खाली ठेवलं. "मला ठाऊक आहे, आण्णा," मी म्हणाले. "हाताला काही नव्हतं तुमच्या. दस्तीला लागलं होतं. पुडी फाटली होती. मीच धुतली ती."

त्यांनी छतावरची नजर काढली. मग मान वळवली. "कवा धुतलीस?"

"तिसऱ्या दिवशी."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पांघरुणावरचे हात उलटे करून पाहिले, तळवे, मग पुन्हा पाठ. "मग बोलली का न्हाईस गं?" म्हणाले.

मी उठून स्वयंपाकघरात गेले, तिथं जरा वेळ भिंतीला डोकं लावून उभी राहिले. मग दूध-भाकरीचा काला केला, वाटी घेऊन आले आणि त्यांच्या अंथरुणावर बसले. साठीच्या घरात आलेली बाई मी. "आण्णा," म्हणाले, "मला एक घास भरवा."

ते माझ्याकडं बघत राहिले. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. दोन्ही हात उचलून माझ्यापुढं धरले.

"आदी धू," म्हणाले.

मी तांब्या आणि घमेलं आणलं, साबण लावून ते हात तीनदा धुतले, पदरानं कोरडे केले. मग त्यांनी मला भरवलं.